घणसोलीतली विद्यार्थ्यांची पंगत: ताटात उत्तम, कागदावर कच्ची

नवी मुंबईत कोपरखैरणेच्या ज्या वसाहतीत मी सव्वीस वर्षे राहते आहे, तिथून घणसोलीचे गावठाण चालत जाण्याइतके जवळ आहे. तरीही गेल्या जूनपर्यंत मी त्या गावठाणातल्या कोणाच्या हातचे एकदाही जेवले नव्हते. गाव आणि आमची वसाहत यांचा संबंध सकाळी दारावर येणारी मासळीवाली आणि लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत ऐकू येणारा हळदीचा डीजे एवढ्यापुरताच होता. त्यामुळे परिसरातल्या एका महाविद्यालयातील विद्यार्थी गावच्या समाजमंदिरात महिन्यातून एका रविवारी आगरी-कोळी जेवणाची पंगत मांडतात, असे शेजारच्या मुलीकडून कळले, तेव्हा कुतूहलापेक्षा थोडी लाजच अधिक वाटली. जून, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी अशा चार पंगतींना मी पदरचे पैसे देऊन जेवले, विद्यार्थ्यांनी काढलेली पुस्तिका विकत घेतली आणि दोन शनिवारी त्यांच्याबरोबर वाल सोलायलाही बसले. हे परीक्षण त्या आधारावर आहे.

उपक्रमाचे स्वरूप आधी सांगते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना आता सामुदायिक सहभागाचे काम करावे लागते आणि त्याला दोन श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. बहुतेक ठिकाणी हे काम एखादी स्वच्छता मोहीम, चार छायाचित्रे आणि एक अहवाल यांवर भागवले जाते. या गटाने मात्र तीन गोष्टी एकत्र बांधायचे ठरवले: गावठाणातल्या ज्येष्ठ बायकांकडून स्थानिक पदार्थ शिकणे, ते पदार्थ पंगतीत वाढणे आणि आपल्या वयाच्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी त्या निमित्ताने बोलणे. सत्र संपले, श्रेयांक मिळाले, तरीही पंगत बंद पडली नाही, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखी पहिली गोष्ट. एका वेळी चाळीस पाने मांडतात. शाकाहारी ताटाचे १८० रुपये आणि मासळीच्या ताटाचे २६० रुपये घेतात, आणि स्वयंपाक करणाऱ्या पाच जणींना त्याच संध्याकाळी रोख मोबदला देतात. समाजमंदिराच्या दारात अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लावलेला आहे. मी तो मुद्दाम पाहिला, कारण ‘विद्यार्थ्यांचा उपक्रम’ म्हटले की अशा बाबींकडे काणाडोळा करण्याची आपल्याकडे रीत आहे.

जूनच्या ताटात शेवळाची भाजी होती आणि तिच्यासाठी मी पुन्हा गेले असते. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळे जमिनीतून वर येतात आणि आदिवासी बायका ती जुड्या बांधून ठाण्याच्या बाजारात व स्थानकांबाहेर विकायला बसतात. जुडीबरोबर काकड नावाची हिरवी, आंबट, लहान फळेही देतात. ही फळे शोभेची नव्हेत. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळे ती नीट शिजवली नाहीत तर घसा आणि जीभ भयंकर खाजते. दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून तेलात चांगले परतायचे आणि काकडाचा आंबट रस घालून शिजवायचे, असा हा खटाटोप आहे. पंगतीतली भाजी सुक्या करंदीबरोबर केलेली होती. मातीचा वास असलेली, किंचित तुरट आणि मागाहून आंबट लागणारी ती भाजी तांदळाच्या भाकरीबरोबर खाताना माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुणाने ‘हे मटण आहे का?’ असे गंभीरपणे विचारले. वाढणाऱ्या आजींनी त्याच्या पानात आणखी एक पळी भाजी घातली, हेच त्याचे उत्तर.

जूनमध्ये ताजी मासळी कमी असण्याचे कारणही मुलांनी फलकावर व्यवस्थित लिहिले होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या काळात खाडीतली मासळी आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, जवळा, सोडे, करंदी यांवर घर चालते. सुकी मासळी ही गरिबाची तडजोड नसून वर्षाचे नियोजन आहे, हे एवढ्या सोप्या शब्दांत मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

आता पुस्तिकेकडे वळते, कारण माझी मुख्य तक्रार तिच्याविषयी आहे. ६४ पानांची, १२० रुपये किमतीची ही पुस्तिका दिसायला देखणी आहे. पण तिच्या पहिल्या आवृत्तीत शेवळाच्या भाजीच्या कृतीत काकडाचा उल्लेखच नव्हता. पिवळा भाग काढण्याची सूचनाही नव्हती. ‘शेवळे स्वच्छ धुऊन चिरून घ्यावीत’ एवढ्यावर काम भागवले होते. ही कृती वाचून एखाद्या हौशी माणसाने भाजी केली असती, तर त्याने शेवळाचेच नव्हे तर सगळ्या रानभाज्यांचे नाव टाकले असते. मी हे दाखवल्यावर गटातली एक मुलगी आधी गोंधळली आणि मग तिने ध्वनिमुद्रण काढून ऐकवले. त्यात आजींनी काकडाविषयी काहीच सांगितलेले नव्हते, आणि त्या का सांगतील? त्यांच्या लेखी शेवळे म्हटली की काकड आलीच. मीठ घालावे हेही त्यांनी कुठे सांगितले होते? लिहिणाऱ्याने त्यांच्या शेजारी उभे राहून एकदा ती भाजी केली असती, तर ही चूक झाली नसती. पुढच्या महिन्यात उरलेल्या प्रतींमध्ये दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवलेली दिसली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

पुस्तिकेचे दुसरे दुखणे तिच्या भाषेत आहे. प्रस्तावनेत ‘सांस्कृतिक अस्मिता’ हा शब्द पहिल्या दोन पानांत नऊ वेळा येतो. मी मोजला. आगरी हे नाव आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आले. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीकाठ यांवरचे जगणे दोन पिढ्यांत बदलले. ही माहिती खरी आहे आणि आवश्यकही आहे. पण ती एका बाजूला आणि पाककृती दुसऱ्या बाजूला राहिल्या आहेत. पंगतीत एका आजींनी सांगितले की त्यांच्या लहानपणी भाकरी खारजमिनीत तग धरणाऱ्या लालसर राता भाताची व्हायची, आणि आता तेच पीठ पनवेलकडून ओळखीने मागवावे लागते. संपादित जमिनीचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात होता. ते वाक्य पुस्तिकेत नाही. अस्मिता मात्र नऊ वेळा आहे.

या उपक्रमाचा खरा गाभा मात्र पंगतीत नाही आणि पुस्तिकेतही नाही. तो शनिवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर दिसतो. वालाचे बिरडे करायचे तर वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. चाळीस माणसांचे बिरडे म्हणजे आठ-दहा जणांची दोन-अडीच तासांची बैठक. हात गुंतलेले असतात, फोन बाजूला ठेवावा लागतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत न बघता बोलता येते. मी बसले त्या पहिल्या शनिवारी अर्धा तास परीक्षा आणि लोकलची गर्दी यांविषयी गप्पा झाल्या. मग गावठाणातलाच एक मुलगा सहज म्हणाला की शाळेत असताना डब्यात सुकटीची चटणी दिली की तो डबा न उघडता परत आणायचा आणि आईला ‘आवडली’ म्हणून सांगायचा. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने माथाडी कुटुंबातल्या एका मुलीने सांगितले की तिच्या घरी भाड्याची जागा शोधताना ‘मासे करता का?’ हा प्रश्न आधी विचारला जातो, भाडे किती हा नंतर. वालाची टरफले वाढत गेली आणि त्या मुलांनी एकमेकांना बरेच काही सांगितले, ज्यातले बहुतेक मी इथे लिहिणार नाही. ओट्याच्या कडेला बसलेल्या आजी मधूनच एखादा न सोललेला दाणा उचलून ‘ह्यो कोनाचा?’ असे विचारत होत्या, तेवढाच काय तो व्यत्यय.

तरुणांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी काही होत असेल तर ते इथे होते. दुर्दैवाने, गटाचा अहवाल या ओट्याविषयी एक शब्दही काढत नाही. त्याऐवजी त्यांनी प्रश्नावली धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत आपल्याला किती वेळा प्रसन्न, शांत, ताजेतवाने वाटले वगैरे प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण द्यायचे आणि बेरजेला ४ ने गुणून शंभरापैकी आकडा काढायचा. प्रश्नावली चांगली आहे, जगभर वापरली जाते. पण हे विद्यार्थी ती जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा, त्याच दुपारी भरून घेतात! ज्या प्रश्नांचा रोख गेल्या दोन आठवड्यांवर आहे, त्यांची उत्तरे एका पंगतीने बदलत असतील तर बदलले ते मन नव्हे, पोट भरल्यावरची मुरवत. ऑगस्टमध्ये लावलेल्या फलकावर ‘पंगतीपूर्वी’ आणि ‘पंगतीनंतर’ असे दोन स्तंभ होते आणि दुसरा अर्थातच उंच होता. माझ्यासमोर एका गृहस्थांनी पानात जिताडा माशाचा तुकडा पडेपर्यंत अर्ज हातात धरून ठेवला आणि मग सगळीकडे पाच गुण दिले. हीच प्रश्नावली शनिवारच्या बैठकीला नियमित येणाऱ्या मुलांकडून तीन-चार महिन्यांच्या अंतराने भरून घेतली असती, तर निदान प्रश्न तरी योग्य जागी विचारला गेला असता. एक गोष्ट मात्र त्यांनी चांगली केली आहे: जेवणाच्या यादीच्या मागच्या बाजूला ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापला आहे, कोणतेही उपदेशाचे वाक्य न जोडता.

ऑगस्टच्या श्रावणातल्या पंगतीविषयी थोडक्यात सांगते. टाकळा आणि कंटोळी उत्तम, भारंगी अंमळ कडूच राहिली होती, हळदीच्या पानातले पातोळे गरम असते तर स्वर्गीय लागले असते. ते गरम नव्हते.

नोव्हेंबरची पंगत माझ्यासाठी अवघड होती, कारण ती आमची होती. मुंबईतले घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले आणि त्यांच्यामागे साताऱ्या-सांगलीकडची, पुण्याच्या घाटमाथ्याची माथाडी कुटुंबे कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत स्थिरावली. माझे सासरे त्यांतलेच. विद्यार्थ्यांनी या महिन्यात गावठाणातल्या आजींच्या जोडीला माथाडी घरांतल्या तीन बायका बोलावल्या. बाजरीची भाकरी, खर्डा, झुणका आणि हुलग्याचे माडगे असा बेत होता. ‘स्थानिक अन्न’ या शीर्षकाखाली आमचे जेवण मांडले जाते आहे, हे पाहून मला आधी अवघडल्यासारखे झाले. चाळीसेक वर्षांपूर्वी आलेल्या माणसांचे जेवण इथले स्थानिक कसे? पण स्वयंपाकघरात डोकावले तेव्हा घणसोलीच्या आजी बाजरीची भाकरी थापण्याचा प्रयत्न करत होत्या आणि ती काठाला तडकत होती, तर साताऱ्याच्या काकू तांदळाच्या उकडीला हात लावून ‘ही कशी थापायची हो?’ विचारत होत्या. माडग्याचा पहिला घोट घेऊन आजी म्हणाल्या, ‘बेस हाय, पन आमच्या आंबटीशी नाय याची बरोबरी.’ त्यावर दोन्ही बाजूंनी जो वाद झाला तो पुस्तिकेतल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा जास्त माहितीपूर्ण होता. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पोरे बाजरी नको म्हणतात. त्या दिवशी माझ्या मुलीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्याचे कारण बाजरी नव्हते, समोर तिच्या वर्गातला मुलगा भाकरी वाढत होता हे असावे, असे मला वाटते. कारण काही का असेना, भाकऱ्या दोन गेल्या.

जानेवारीत पोपटी केली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या ताज्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असे थर द्यायचे, मीठ आणि ओवा टाकायचा, वरून पुन्हा पाला दाबायचा आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा व काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासात सगळे आपल्याच वाफेवर शिजते, तेल-पाणी काही लागत नाही. पदार्थ शेताच्या बांधावरचा आणि घणसोलीत आता बांध कुठला? मुलांनी मैदानाच्या कडेला परवानगी काढून विस्तव केला, पाला पनवेलच्या पुढून आणला. धुराची तक्रार समोरच्या इमारतीतून दोनदा आली आणि दुसऱ्या वेळी तक्रार करायला आलेले काका पत्रावळ घेऊन बसले. चव? भांबुर्ड्याचा उग्र, ओव्यासारखा वास शेंगांच्या दाण्यांत उतरला होता. कोंबडी ठीक, अंडी गंमत म्हणून, शेंगा मात्र अप्रतिम.

सेवेबद्दलच्या तक्रारी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. बारा वाजताची पंगत एकदाही पाऊण वाजण्याआधी बसली नाही. भाकऱ्या आधी करून ठेवल्यामुळे दुसऱ्या वाढीला त्या वातड होतात. तव्यापाशी आणखी दोन जण उभे केले तर हे टळेल. पाण्याची सोय एकाच कोपऱ्यात आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या-टेबलांची ओळ असते, पण ती शेवटी वाढली जाते. आणि सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की जागा राखून ठेवायची तर केवळ फोनवरचा अर्ज भरूनच ठेवता येते. ज्या पिढीच्या स्मृतीवर हा सगळा उपक्रम उभा आहे, त्याच पिढीतल्या माणसाला जेवायला यायचे असेल तर क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. हे मी बोलून दाखवले तेव्हा ‘काकू, पुढच्या महिन्यापासून वहीसुद्धा ठेवतो’ असे उत्तर मिळाले. जानेवारीपर्यंत वही आलेली नव्हती.

शेवटची गोष्ट नावांची. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर विद्यार्थ्यांची आणि मार्गदर्शक प्राध्यापकांची नावे आहेत. पदार्थ ज्यांचे आहेत त्या पाच बायका आतल्या पानावर ‘माहिती दिल्याबद्दल आभार’ या ओळीत, केवळ ‘गावातील ज्येष्ठ महिला’ म्हणून उल्लेखल्या आहेत. ओट्यावर त्याच मुलांच्या तोंडी प्रत्येकीचे नाव, प्रत्येकीचा हातगुण आणि कोणाच्या बिरड्यात किती गूळ पडतो याचा पक्का हिशेब असतो. मग कागदावर येताना ती नावे कुठे गळून पडतात? महाविद्यालयाच्या अहवालाचा ठरलेला नमुना तसा आहे, असे मला सांगण्यात आले. नमुना असेल, पण पुस्तिका अहवाल नाही, ती १२० रुपयांना विकली जाते. दुसऱ्या आवृत्तीत नावे आणि छायाचित्रे त्या बायकांच्या संमतीने घालणार असल्याचे गटाने सांगितले आहे आणि काकड, पिवळा भाग, वालाचे मोड यांसह सगळ्या कृती प्रत्यक्ष चुलीपाशी पुन्हा तपासल्या जात आहेत. त्यासाठी थांबणे शक्य असेल तर वाचकांनी पहिली आवृत्ती घेऊ नये, पंगतीला मात्र जावे, आणि जमल्यास आदल्या शनिवारी वाल सोलायला. त्याचे शुल्क नाही, नखे मात्र दोन दिवस दुखतात.

फेब्रुवारीच्या पंगतीसाठी मी दोन पाने राखली आहेत. दुसरे पान सासूबाईंचे आहे. त्यांचा अर्ज अर्थातच माझ्या फोनवरून भरला आणि ‘आपल्याला या उपक्रमाची माहिती कोठून मिळाली?’ या रकान्यात त्यांनी सांगितले तेच लिहिले: सुनेच्या अंगाला धुराचा वास येत होता.